भांडं फुटतं ते पाण्यामुळे, हवेमुळे नव्हे
(आमच्या भट्टीत भाजायला मातीची भांडी आणणाऱ्यांसाठी)

‘वरून अगदी कोरडं आहे हो, लावा की आजच भट्टीत!’ दर शनिवारी हे ऐकतो आणि दर शनिवारी भांडं परत देतो. राग येतो, कळतं. म्हणून कारण लिहून ठेवतोय.

मातीत उरलेल्या पाण्याची १०० अंशांना वाफ होते आणि ती पाण्याच्या १६०० पटींहून अधिक जागा मागते. पातळ भिंतीतून ती निसटते, जाड बुडातून निसटत नाही. मग बूडच उडतं. ‘आत हवेचा बुडबुडा राहिला असेल’ असं पुष्कळ जण सांगतात. पूर्ण वाळलेल्या मातीतला बुडबुडा काही करत नाही. एक मग फुटला की शेजारच्या चौघांच्या भांड्यांचे टवके उडतात, तुकडे एलिमेंटच्या (भट्टीतल्या तापणाऱ्या तारेच्या) खोबणीत जाऊन बसतात आणि ते वेचण्यात आमची सकाळ जाते.

नखाची खूण उमटते, कान जोडता येतो, ती अवस्था लेदर-हार्ड. ती भट्टीची नव्हे. बोन-ड्राय, म्हणजे पूर्ण वाळलेलं भांडं सगळीकडे सारखं फिकं दिसतं. बूड गालाला लावून पाहा; गार लागलं तर पाणी अजून उडतंय. त्याहून खात्रीचा स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज एकाच वेळी वजन करा: ६४२ ग्रॅम, ६३१, ६३०, ६३०. असं थांबलं की आणा. जुलै-ऑगस्टमध्ये वजन थांबलं तरी माती हवेतला ओलावा धरून असते, म्हणून त्या दिवसांत आम्ही भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवून मग पुढे नेतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण २ सेंमी जाडीच्या ओल्या बुडाला तेवढंही पुरत नाही.

घाईनं उन्हात ठेवू नका. काठ आधी आकसतो, बूड मागे राहतं आणि कानाच्या सांध्याला चीर जाते. पहिले दोन दिवस वर सैल प्लॅस्टिक टाका, मग भांडं उपडं करा. भिंत १ सेंमीच्या आत ठेवा. बंद पोकळ वस्तूला वाफ निघायला, न दिसेल असं एक भोक हवंच.

माती कुठली ते सांगाच. कुंभाराकडची लाल माती १००० अंशांना छान भाजते. १२२० च्या ग्लेझ (काचेसारख्या लेपाच्या) भाजणीत ती ढासळून भट्टीतल्या शेल्फला चिकटते, आणि शेल्फचे पैसे लागतात. शाडूचे गणपती आम्ही घेत नाही. भाजलेली मूर्ती पाण्यात विरघळत नाही, मग शाडू कशाला?

ग्लेझ लावलंत तर बूड आणि त्यावरचे ३-४ मिमी ओल्या स्पंजनं पुसून आणा.

आमच्याकडे मिळणाऱ्या स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायच्या) मातीचं तापमान आमच्या भट्टीशी जुळवलेलं आहे, तेवढा एक प्रश्न कमी होतो. घरी वाळवायला जागा नसेल तर भांडी लेदर-हार्ड असतानाच, डब्यात स्पंजवर ठेवून आणा. आमच्या फळीवर वाळतील. पावसाळ्यात दहा-बारा दिवस धरा.