फोटो काढला एकाने, पैसे दिले दुसऱ्याने, चेहरा तिसऱ्याचा

दहावी-बारावीचा निकाल लागला की दोन दिवसांत चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात. लातूर असो, पुणे असो की कोल्हापूर, मांडणी तीच. वर क्लासचं नाव, मधोमध हाताची घडी घातलेले सर, खाली चार-पाच ओळींत पोरांचे पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाखाली टक्के. जरा जवळ जाऊन पाहा. कुणाच्या मागे निळा पडदा, कुणाच्या मागे पांढरा, एखाद्याच्या कपाळाशी स्टेपलरच्या पिनेची खूण. हे फोटो प्रवेशअर्जावर लावायला दिलेले असतात, तिथूनच स्कॅन होऊन ते वर चढतात. फ्लेक्स पावसात फाटतो, नाहीतर गणपतीच्या शुभेच्छांखाली झाकला जातो. क्लासच्या वेबसाइटवरचा फोटो मात्र पोरगं शिकून नोकरीला लागलं तरी तिथेच असतो.

छोट्या धंद्यांना वेबसाइट करून देणं हे माझं काम. फोटोंचा फोल्डर आला की मी विचारतो, "यांची परवानगी घेतलीय ना?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: "अहो, फोटोग्राफरला पैसे दिलेत आम्ही." हे उत्तर अगदीच चूक नाही, आणि घोळ तिथेच आहे.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालक काढणारा नसून काढून घेणारा ठरतो. म्हणजे क्लासच्या कार्यक्रमाचे फोटो कॉपीराइटपुरते खरोखरच सरांचे. हा नियम आपण इंग्रजांकडून घेतला. ब्रिटनच्या १८६२च्या कायद्यात तो होता, १९११च्या कायद्यात तो टिकला आणि १९१४च्या कायद्याने हिंदुस्थानात आला. त्या काळी स्टुडिओत जाऊन पैसे मोजणारा माणूस आणि फोटोतला माणूस बहुधा एकच असे, नाहीतर त्याच्याच घरातला. पैसे देणाऱ्याला मालक केलं की चेहराही आपोआप राखला जाई. चेहऱ्यासाठी वेगळा नियम करायची कुणाला गरजच वाटली नाही.

१८८८ साली लंडनच्या कोर्टात आलेलं पोलार्ड प्रकरण याच चौकटीतलं. एका बाईने स्टुडिओत पैसे देऊन फोटो काढून घेतला. फोटोग्राफरने त्याची नाताळची भेटकार्डं केली आणि दुकानाच्या काचेत विकायला लावली. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी त्याला मनाई केली. गिऱ्हाइकासाठी प्रती काढायचा सौदा झाला होता, त्याच दुकानाच्या काचेत विकायला लावल्या तर सौदाही मोडतो आणि विश्वासही, असा त्यांचा रोख. आपल्याकडेही जुन्या स्टुडिओंच्या दर्शनी काचेत लग्नाचे, बारशाचे फोटो वर्षानुवर्षं लटकलेले असत. त्यांतल्या किती जणांना विचारलं होतं, देव जाणे. पण पोलार्डबाई जिंकल्या त्या गिऱ्हाईक होत्या म्हणून. गिऱ्हाईक नसलेल्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो अमेरिकेत उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका पिठाच्या गिरणीने आपल्या जाहिरातीसाठी एका तरुण मुलीचा चेहरा छापला. २५,००० पत्रकं. ती दुकानांत लागली, दारूच्या गुत्त्यांतही लागली. मुलीला कुणी विचारलं नव्हतं. ओळखीच्यांनी चेहरा ओळखला, तिने धसका घेऊन अंथरूण धरलं. तिच्या वतीने १५,००० डॉलरचा दावा लागला. १९०२मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर यांचं म्हणणं असं की असा हक्क कायद्यात कुठेच सापडत नाही, हवा असेल तर विधिमंडळाने तो करावा.

लोक इतके भडकले की विधिमंडळाने पुढच्याच वर्षी कायदा केला. जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी कुणाचंही नाव वा छायाचित्र वापरायचं तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी, व्यक्ती अल्पवयीन असेल तर आईवडिलांची किंवा पालकाची. आज जगभर फोटोग्राफर 'मॉडेल रिलीज' म्हणून जो कागद पुढे करतात, त्यातली लेखी संमतीची अट इतकी जुनी आहे. पुढची गंमत अशी की १९०४मध्ये हेच पार्कर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि फोटोग्राफर घरापर्यंत पाठ सोडत नाहीत म्हणून कुरकुर करू लागले. त्या मुलीने जाहीर पत्र लिहून त्यांना त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली.

जर्मनीत हे वेगळ्या वाटेने घडलं. १८९८मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर त्याच्या खोलीत चोरून शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. कोर्टाने बंदी तर घातली, पण थेट लागू होणारं कलम नसल्याने घरात बेकायदा घुसल्याचा आधार शोधावा लागला. १९०७च्या कायद्यात मग सरळ लिहिलं गेलं की माणसाचं चित्र त्याच्या संमतीनेच प्रसिद्ध करावं.

आपल्याकडे ब्रिटिशांमार्फत पैसे देणाऱ्याचा नियम आला. चेहऱ्याचा नियम आलाच नाही, कारण तो त्यांच्याकडेही नव्हता. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं या बाजूला शुकशुकाट. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयात ऑटो शंकर प्रकरण आलं. मद्रासकडच्या, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं आत्मचरित्र एका तमिळ साप्ताहिकाला छापायचं होतं, प्रशासन अडवत होतं. निकाल साप्ताहिकाच्या बाजूने लागला. पण खासगीपणाचा हक्क समजावताना न्यायालयाने उदाहरण दिलं ते आपल्या कामाचं: एखाद्याचं नाव किंवा प्रतिमा त्याच्या संमतीवाचून वापरली, जाहिरातीसाठी असो वा नसो, तर या हक्काचा भंग होतो. खासगीपणा मूलभूत हक्क आहे यावर २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं.

मधल्या काळात कोर्टात गेले ते मुख्यतः नामवंत. २०१२मध्ये अमिताभ आणि जया बच्चन यांचे चेहरे असलेल्या दागिन्यांच्या जाहिरातीची नक्कल करणाऱ्या एका सराफाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला. २०२४मध्ये अरिजित सिंग आणि २०२५मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं, तेही नकली आवाज काढणाऱ्या यंत्रांच्या संदर्भात. ज्याच्या चेहऱ्याला बाजारभाव आहे त्याचं नुकसान रुपयांत मोजता येतं. पासपोर्ट फोटोतल्या पोराचं कसं मोजणार?

म्हणूनच मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेली एक याचिका मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका महिलेचा फोटो एका फोटोग्राफरने काढला आणि फोटो विकणाऱ्या परदेशी वेबसाइटवर टाकला. तिथून तो सरकारी योजनांच्या, एका राजकीय पक्षाच्या आणि खासगी संस्थांच्या जाहिरातींत पोचला. ज्यांनी तिथून फोटो घेतला त्यांचा हिशेब बहुधा आमच्या सरांसारखाच असणार. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने हा प्रकार गंभीर मानून संबंधितांना नोटिसा काढल्या.

आणि गंमत म्हणजे फोटोच्या लेखी संमतीचा स्पष्ट नियम आपल्याकडे आला तो क्लासवाल्यांसाठीच. यूपीएससीच्या त्याच त्या यशवंतांवर अनेक क्लास एकाच वेळी हक्क सांगत होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दंड ठोठावायला सुरुवात केली आणि १३ नोव्हेंबर २०२४ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा मनोगत वापरायचं तर लेखी संमती हवी, आणि ती यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी. हे 'नंतर' फार विचार करून घातलंय. प्रवेशाच्या वेळी पोराला क्लास हवा असतो, तेव्हा तो कशावरही सही करतो.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सगळ्याच धंद्यांना लागतो. ज्यावरून माणूस ओळखू येतो असा फोटो हा वैयक्तिक डेटाच. संमती मोकळेपणाने, ठरावीक कारणापुरती आणि नीट समजून दिलेली हवी. दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखाली पालकाची हवी. माहितीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही, मागता येते. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवून.

गेल्या महिन्यात एका क्लासचा नवा प्रवेशअर्ज वेबसाइटवर चढवायला माझ्याकडे आला. मागच्या पानावर बारीक टाइपात चौदावी अट: विद्यार्थ्याचा फोटो संस्थेच्या प्रसिद्धीसाठी वापरला जाईल, त्यास माझी हरकत नाही. खाली सहीला एकच रेघ, विद्यार्थ्याची. मी सरांना फोन केला, म्हटलं ही अट काढा, निकालानंतर पालकांच्या सहीचा वेगळा कागद घ्या. सर म्हणाले, "अर्ज छापून झालेत हो, पाच हजार."