खुडूक कोंबडीचे २१ दिवस

वसंतात दिवस मोठा होऊ लागला की परसातल्या कोंबड्यांची अंडी वाढतात, आणि थोड्याच दिवसांत त्यातली एखादी खुराड्यातून उठेनाशी होते. हात जवळ नेला की पिसं फुलवते, घशातल्या घशात गुरगुरते, चोच मारते. उचलून बाहेर ठेवली तरी पुन्हा जाऊन बसते. कोंबडी खुडूक झाली, आता तिच्याखाली अंडी ठेवायची आणि २१ दिवसांनी पिल्लं मोजायची, इतकं हे सोपं वाटतं. तरीही १२ अंड्यांतून चारच पिल्लं निघाली, अशी तक्रार सर्रास ऐकू येते आणि दोष कोंबडीच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा तिची काही चूक नसते. उबवणी बिघडते ती मुख्यतः दोन ठिकाणी: कोंबडी बसवण्याआधी अंडी साठवताना, आणि शेवटच्या तीन दिवसांत माणसाने केलेल्या ढवळाढवळीत.

आधी कोंबडी खुडूक का होते ते पाहू. पक्ष्यांना दिवसाची लांबी फक्त डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशी थेट टिपतात. उजेड साधारण १४ तासांवर गेला की अंडाशय जोमाने काम करू लागतं. मग घरट्यात अंडी साठत गेली आणि पोटाला त्यांचा सतत स्पर्श होऊ लागला की पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवतं. त्याच्या प्रभावाने अंडी घालणं थांबतं, भूक मंदावते आणि पोटावरची पिसं गळतात. तिथली त्वचा उघडी पडते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंड्यांना अंगाची ऊब थेट मिळते. रोज अंडी उचलत राहिलं तर कोंबड्या कमी खुडूक होतात, याचं कारणही हेच. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी निवडत आणलेल्या जातींमध्ये तर ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. म्हणून उबवणीसाठी गावठी कोंबडीच भरवशाची.

कोंबडी नुसती रुसून बसली आहे की खरी खुडूक आहे, हे रात्री कळतं. खुडूक कोंबडी दांडीवर चढत नाही, रात्रही घरट्यातच काढते. सलग दोन-तीन रात्री ती तिथेच दिसली आणि पोटाखाली हात घातल्यावर गरम, उघडी कातडी लागली, तर ती तयार आहे. तोवर तिच्याखाली एक-दोन खोटी अंडी ठेवावीत, म्हणजे तिची बैठक मोडत नाही.

आता अंड्यांकडे वळू, कारण खरी गोम इथेच आहे. गर्भाची वाढ अंडं घालण्याआधीच, कोंबडीच्या पोटात सुरू झालेली असते. घातलेल्या ताज्या अंड्यात हजारो पेशींची चकती असते. अंडं गार झालं की ती वाढ थांबते आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत थांबूनच राहते. आठवडाभरात वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी फुटतात ती या थांबण्यामुळे. पण त्यासाठी तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या खाली असावं लागतं. चुलीजवळच्या फळीवर किंवा पत्र्याखालच्या टोपलीत २७-३० अंशांत अंडी ठेवली, तर वाढ पुरती थांबतही नाही आणि नीट चालतही नाही. रेंगाळत चाललेल्या अशा वाढीत गर्भ अशक्त होतो आणि पुष्कळदा कोंबडी बसण्याआधीच किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत मरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ‘अंडी फळलेली नव्हती’ असं म्हटलं जातं, त्या अंड्यांपैकी कितीतरी अशी असतात.

उत्तम साठवण १३ ते १८ अंशांत होते. तेवढा गारवा घरात नसेल तर जमिनीलगतचा, उन्हापासून दूरचा कोपरा निवडावा. ओल्या वाळूत अर्धं पुरलेलं मातीचं मडकंही चालतं. बाष्पीभवनामुळे ते आतून काही अंश गार राहतं. अंडी मात्र मडक्यात कोरड्या गवतावर ठेवावीत, ओल लागू देऊ नये. फ्रिज टाळावा, तिथली चार-पाच अंशांची थंडी गर्भाला फार होते. अंड्याचं निमुळतं टोक खाली ठेवावं आणि साठवण सात दिवसांच्या आत संपवावी. त्यानंतर दर दिवसागणिक पिल्लं निघण्याचं प्रमाण घटत जातं.

अंडी धुवायची नाहीत, हे कितीही सांगितलं तरी कमीच. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांच्यावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो. धुतल्याने तो जातो. शिवाय कोमट अंडं गार पाण्यात बुडवलं की आतला बलक आकसतो आणि कवचावरचे जीवाणू छिद्रांतून आत ओढले जातात. विष्ठेने माखलेलं अंडं सरळ खाण्याच्या टोपलीत जाऊ द्या. किंचित मळलेलं कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे. फार मोठी, म्हणजे बहुधा दोन बलकांची, फार लहान, वेडीवाकडी किंवा खरबरीत अंडीही वगळावीत. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टिचकावली आणि आवाज बद्द आला, तर त्यातल्या एकाला तडा आहे.

कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तब्येतीचा कोंबडा असावा. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यामुळे एका जोडणीनंतर सुमारे दोन आठवडे ती फलित अंडी देऊ शकते. कोंबडा बदलला आणि पिल्लं नव्याचीच हवी असतील तर तीन आठवडे थांबणं भाग आहे.

घरटं सपाट नको, उथळ वाटीसारखं हवं: ३०-३५ सेंटिमीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर खोल. सपाट तळावर अंडी कडेला घरंगळतात आणि गार पडतात. खाली मातीचा थर, वर चुरलेला पेंढा. जागा अंधारी, शांत आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी असावी, नाहीतर त्या रोज तिथे ताजी अंडी घालतात आणि कुठलं किती दिवसांचं याचा पत्ता लागत नाही. म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी. मध्यम अंगाच्या कोंबडीला १० ते १२ अंडी झेपतात. जास्त ठेवली तर कडेचं अंडं रोज बदलत राहतं आणि आळीपाळीने सगळ्यांनाच गारठा लागतो. नव्या जागी हलवायचं तर अंधार पडल्यावर हलवावं आणि खोटी अंडी काढून सगळी खरी अंडी एकदमच द्यावीत.

त्यानंतरचे १८ दिवस कोंबडीचे. ती अंड्यांना साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवते आणि दिवसातून कितीतरी वेळा चोचीने उलटवते. उलटवणं का गरजेचं? गर्भ पिवळ्या बलकावर असतो आणि बलक हलका असल्याने वर तरंगतो. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. श्वसनाचं काम करणारं रक्तवाहिन्यांचं जाळंही कवचाला आतून सगळीकडे नीट वेढत नाही. यंत्रात अंडी ठेवणाऱ्याने ती हाताने दिवसाला तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा फिरवावीत, म्हणजे रात्रीची लांब मुदत दर वेळी वेगळ्या कुशीवर जाते.

दिवसातून एकदा कोंबडी १५-२० मिनिटं उठते, दाणापाणी घेते, एकच मोठी विष्ठा टाकते, धुळीत अंग घोळवते. एवढ्या वेळात अंडी फारशी गार होत नाहीत, त्यांच्यावर काही झाकू नये. एखाद्या दिवशी ती काही तास उठून राहिली तरी अंडी फेकायची घाई नको. थंडी गर्भ बऱ्यापैकी सोसतो, फक्त पिल्लं थोडी उशिरा निघतात. उष्णता तो सोसत नाही. अंड्याचं तापमान काही तास ४०-४१ अंशांवर राहिलं तर गर्भ मरतात. म्हणून पत्र्याच्या छपराखाली घरटं नको.

दुसरा हिशेब पाण्याचा. छिद्रांतून वाफ जात राहते आणि १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटायला हवं. तेवढी जागा अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीला मिळते आणि पिल्लाचा पहिला श्वास त्याच पोकळीतला असतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हे तपासता येतं. १० अंड्यांचं वजन ५५० ग्रॅम असेल तर सातव्या दिवशी ते ५२४ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ४८४ च्या आसपास यावं. कोंबडी चरायला उठली असताना चटकन वजन करून अंडी परत ठेवायची. वजन फार वेगाने घटत असेल तर घरट्याच्या कडेच्या मातीवर थोडं पाणी शिंपडावं, नाहीतर आतला पडदा वाळून पिल्लाला आवळतो. फार हळू घटत असेल तर जागा दमट आहे. पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं.

सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरून त्यावर अंड्याचं रुंद टोक टेकवावं. एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. काही वेळा ठिपका हललेलाही दिसतो. शिरा नसून फक्त एक लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला आहे. काहीच दिसलं नाही तर अंडं फलित नव्हतं किंवा गर्भ साठवणीतच गेला. अशी अंडी काढून टाकावीत, कारण सडलेलं अंडं फुटलं तर बाकीची नासतात. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावं. तोवर पोकळी सोडून अंडं बहुतेक काळं झालेलं असतं.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. कोंबडी आता सहसा उठत नाही, म्हणून पाणी तिच्या चोचीच्या टप्प्यात ठेवावं. आत पिल्लू डोकं उजव्या पंखाखाली घालून, चोच पोकळीकडे करून बसलेलं असतं. विसाव्या दिवसाच्या सुमारास ते पोकळीचा पडदा भोसकतं, फुप्फुसांनी श्वास घेऊ लागतं आणि आतून चिवचिवतं. कोंबडीही हलक्या आवाजात ओ देते. मग चोचीच्या टोकावरच्या खडबडीत टेंगळाने, म्हणजे अंडदंताने, कवचाला पहिला टवका पाडतं आणि थांबतं.

हे थांबणं कधीकधी १२ तासांहून लांबतं. पाहणाऱ्याचा धीर सुटतो, पिल्लू अडकलंय असं वाटतं आणि तो कवच सोलू लागतो. त्या तासांत पिल्लू स्वस्थ बसलेलं नसतं. पडद्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त अंगात परतत असतं आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. मध्येच कवच सोललं तर त्या रक्तवाहिन्या तुटतात, रक्त वाहतं आणि बेंबी उघडी राहून जंतुसंसर्ग होतो. वाट पाहिली तर पिल्लू आपणहून गोल फिरत, टवके पाडत टोपण उघडतं. पहिल्या टवक्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागणं अगदी नेहमीचं आहे. २४ तास उलटूनही काहीच प्रगती नसेल आणि पडदा तपकिरी, कागदासारखा कोरडा पडला असेल, तेवढ्याच वेळी कोमट पाण्याने भिजवलेल्या कापसाने तो ओला करावा, नाकपुड्या वाचवून. कुठे लाल शीर दिसली की हात थांबवायचा.

पोटात गेलेला बलक पिल्लाला दोन दिवस सहज पुरतो. निसर्गाची ही सोय आधी निघालेल्या पिल्लांना मागून येणाऱ्या भावंडांसाठी थांबता यावं म्हणून आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी काही भरवायला जाऊ नये. कोंबडी स्वतः उठून पिल्लांना बाहेर घेऊन आली की आधी पाणी द्यावं, उथळ ताटलीत खडे टाकून, म्हणजे कोणी बुडत नाही. मग सुमारे २० टक्के प्रथिनं असलेलं बारीक खाद्य. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतं. आईने पिल्लांचं खाद्य खाल्लं तर मात्र बिघडत नाही. आई असेल तर दिवा लागत नाही. नसेल तर पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश ऊब द्यावी आणि मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत जावं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब घालून देतात. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीचा धोका वाढतो, आणि तो ओल्या पेंढ्यात पसरतो, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतालचा पेंढा रोज बदलावा.

पिल्लं निघाली की त्याच दिवशी घरट्यातला पेंढा आणि माती खुराड्यापासून लांब नेऊन जाळावी किंवा पुरावी. लाल कोळीकीड दिवसा फटींत लपते, रात्री बसलेल्या कोंबडीचं रक्त पिते आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगते. कोंबडी अर्ध्यावर अंडी सोडून उठली तर रात्री टॉर्च घेऊन घरट्याच्या फटी आणि तिच्या पंखांखालचा भाग आधी पाहावा. पांढरं फडकं फटीवर दाबल्यावर लाल डाग उमटले, तर कारण सापडलं. त्या जागी पुढची कोंबडी बसवण्याआधी लाकडाच्या फटींत उकळतं पाणी ओतून, सगळं उन्हात कडक वाळवून घ्यावं.