फ्रीनेट : आवृत्त्यांचे लोकसहभागातून मापन

फ्रीनेट या विकेंद्रित, निनावी जाळ्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा बरी चालते का, हे वापरणाऱ्यांच्याच संगणकांवरून मोजण्याची पद्धत. इयन क्लार्क यांनी १९९९ मध्ये एडिनबरो विद्यापीठात मांडलेल्या आराखड्यातून हे जाळे उभे राहिले. २०२३ पासून मूळ सॉफ्टवेअर हायफानेट या नावाने चालू आहे.

येथे मध्यवर्ती सर्व्हर नाही. फाइलचे ३२ किलोबाइटचे तुकडे सांकेतिक रूपात अनोळखी लोकांच्या संगणकांवर साठवले जातात आणि फार काळ कोणी न मागितलेले तुकडे कालांतराने नाहीसे होतात. म्हणून नुसता डाउनलोडचा वेग मोजून भागत नाही; आज ठेवलेली माहिती महिन्याभराने सापडेल का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

त्याच्या उत्तरासाठी सॉफ्टवेअरच्या सोबतच एक दीर्घकालीन चाचणी लिहिलेली आहे. तीत एका नोडवरून (जाळ्यात सामील असलेल्या एका संगणकावरून) निरनिराळ्या किल्ल्यांखाली, म्हणजे माहिती परत मागण्यासाठीच्या सांकेतिक पत्त्यांखाली, माहिती जाळ्यात टाकतात आणि ती दुसऱ्याच नोडवरून परत मागवतात. नाहीतर स्वतःच्याच साठ्यातून माहिती मिळेल आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. एक किल्ली त्याच दिवशी मागायची, पुढच्या १, ३, ७, १५ अशा दिवसांनंतर. एकदा मागितलेला तुकडा वाटेतल्या नोडवर पुन्हा साठतो, म्हणून प्रत्येक मुदतीला वेगळी किल्ली लागते. तारीख, आवृत्तीचा क्रमांक, जाळ्यात शिरायला, टाकायला आणि परत मिळवायला लागलेला वेळ हे सगळे एका ओळीत नोंदले जाते. आवृत्तीचा क्रमांक नसेल तर बाकीचे आकडे तुलनेच्या कामाचे नाहीत.

तरी या आकड्यांचा अर्थ लावणे अवघडच असते. मागणी इतरांच्या संगणकांतून प्रवास करते; त्यामुळे एकट्याने नवी आवृत्ती बसवली तरी निकालात बहुधा जुन्या नोडांचेच वागणे उमटते. बहुतेकांनी अद्ययावत केल्यावरच खरा फरक दिसतो. शिवाय घरच्या इंटरनेटचा वेग, संगणक किती तास चालू असतो, शेजारी नोड कोणते, यांवरही बरेच अवलंबून असते. एका माणसाच्या मोजणीवरून आवृत्तीला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे आहे. वेगवेगळ्या ठिकाणचे अनेक जण तीच चाचणी आठवडेच्या आठवडे चालवतात, तेव्हा कुठे कल हाती लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे प्रोब. हा छोटा संदेश नोडवरून नोडवर यदृच्छेने फिरतो आणि जेथे थांबतो त्या नोडची आवृत्ती, बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता), साठ्याचा आकार किंवा चालू राहण्याचे प्रमाण यांपैकी एक गोष्ट विचारतो. जास्त जोडण्या असलेले नोड पुन्हापुन्हा निवडले जाऊ नयेत म्हणून मेट्रोपोलिस-हेस्टिंग्ज या गणिती पद्धतीने निवड सुधारली जाते. कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, हे नोड चालवणारा ठरवतो. आणि आकड्यांवरून कोणी ओळखू येऊ नये म्हणून बँडविड्थ, साठा यांसारख्या उत्तरांत मुद्दाम थोडी यादृच्छिक चूक मिसळली जाते. एकेका उत्तराची अचूकता त्यामुळे कमी होते, पण निनावीपण जपण्यासाठीच उभ्या राहिलेल्या जाळ्यात ही किंमत रास्त आहे.