ऑक्सिजन सिलिंडर : हाताळणी व दुरुस्तीतील धोके (बेळगाव सीमाभाग)

उच्च दाबाखालील ऑक्सिजनाचे जोडरहित पोलादी सिलिंडर नेताना, जोडताना, भरताना व दुरुस्त करताना उद्भवणारे धोके. बेळगावच्या उद्यमबाग व मच्छे भागांतील फाउंड्र्या, चिकोडी–अथणी पट्ट्यातील साखर कारखान्यांची पावसाळी दुरुस्ती आणि निपाणी, खानापूरकडील गॅस कटिंगची दुकाने यांत हे सिलिंडर नित्य वापरात असतात.

ऑक्सिजनाचे क्रांतिक तापमान −118.6° से. असल्यामुळे नेहमीच्या तापमानाला तो कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. म्हणून तो सु. 150 बार दाबाच्या वायूच्या रूपातच भरतात; 46.7 लि. धारणक्षमतेच्या मोठ्या सिलिंडरात सु. 7 घ.मी. वायू मावतो. ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीचा व्यवहारोपयोगी बर्नर फूशे व पिकार या फ्रेंच अभियंत्यांनी सामान्यतः 1901 ते 1903 च्या दरम्यान सिद्ध केला असे मानतात. त्यानंतर या सिलिंडरांचा कारखान्यांत प्रसार झाला.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दाबाखाली त्याच्या सान्निध्यात तेल, ग्रीस, रबर, नायलॉन, इतकेच नव्हे तर ॲल्युमिनियम व पोलादही पेट घेते. पहिली ठिणगी कोठून येते याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार वेगाने वाहणारा गंजाचा किंवा धातूचा कण व्हॉल्व्हमधील वळणावर आदळून तापतो. दुसऱ्या मतानुसार व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यावर रेग्युलेटरमधील (सिलिंडराला जोडलेल्या, वायूचा दाब कमी करणाऱ्या उपकरणातील) थोडी हवा एकदम दाबली जाते आणि उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. 1 बारवरून 150 बारपर्यंत अशा दाबणीने तापमान आदर्श गणितानुसार 900° से.च्या पलीकडे जाते. प्रत्यक्षात बरीच उष्णता धातू शोषून घेतो. तरीही आतली बैठक (झडप बंद होताना जिच्यावर टेकते ती चकती) किंवा तेलाचा पुसट थर पेटायला उरलेली उष्णता पुरते. रेग्युलेटर जोडल्यानंतर प्रथमच व्हॉल्व्ह उघडताना लागणाऱ्या आगींचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक चांगला होतो. कणाचा आघात मात्र नाकारता येत नाही. आत पाणी राहून गंजलेल्या सिलिंडरांत त्याचा संभव वाढतो. व्हॉल्व्ह सावकाश उघडावा, उघडताना रेग्युलेटरच्या समोर उभे राहू नये, आणि वापर संपताना थोडा दाब राखून तो बंद करावा, हे नियम यांवरूनच आले आहेत.

दुरुस्तीत सर्वांत घातक सवय म्हणजे अडकलेल्या स्पिंडलला (व्हॉल्व्ह उघडण्याच्या दांड्याला) तेल देणे. गळणारा व्हॉल्व्ह दाब असताना पान्याने आवळणे, ज्योतीने तापवणे आणि सिलिंडरावरील पोच्यावर वेल्डिंग करणे हेही तितकेच गंभीर. तापवल्याने पोलादावरील उष्मा-संस्कार बिघडतो व भिंतीची ताकद घटते. गॅस सिलिंडर नियम, 2016 अन्वये जोडरहित सिलिंडराच्या अंगावरील गळती दुरुस्त करण्यास मनाई असून व्हॉल्व्हवर तेल किंवा तत्सम वंगण वापरण्यासही बंदी आहे. हे नियम केंद्रीय असल्याने बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही बाजूंना तेच लागू होतात. हद्द ओलांडून येणाऱ्या सिलिंडरासाठी वेगळी सवलत नाही. जलदाब चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते व तिची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. व्हॉल्व्ह गळत असल्यास सिलिंडर उघड्यावर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून भरणा केंद्राकडे परत पाठवणे एवढेच दुकानदाराच्या हाती असते.

टोपीशिवाय आडवा टेम्पोत टाकलेला सिलिंडर घाटातील वळणावर घरंगळून व्हॉल्व्ह मोडला, तर वायूच्या झोतामुळे तो प्रक्षेपणास्त्रासारखा सुटतो. कपड्यांवरील भुसा, धूळ ऑक्सिजनच्या झोताने झटकण्याची रीत वेल्डरांत आढळते. कापड वायू धरून ठेवते आणि त्यानंतरची एक ठिणगी अंगावरचा सदरा क्षणात पेटवते. हवेत सु. 21% असलेला ऑक्सिजन 23.5% च्या वर गेला की ते वातावरण धोक्याचे समजतात. साखर कारखान्याच्या टाक्यांत आत उतरून कटिंग करताना गळकी नळी म्हणूनच विशेष भयावह ठरते.

वैद्यकीय सिलिंडराचा खांदा पांढरा व अंग काळे असते. औद्योगिक सिलिंडर पूर्ण काळा. 2021 मधील कोविड लाटेत नायट्रोजन व आर्गॉनचे सिलिंडर ऑक्सिजनासाठी वापरण्याची परवानगी देण्यात आली होती. अशा बदलात आतील पृष्ठभाग तेलमुक्त करणे, व्हॉल्व्ह बदलणे आणि नवा रंग देणे या पायऱ्या टाळता येत नाहीत.