आयटीआय प्रवेश: अर्ज निश्चिती, दाखले आणि विकल्पांचा क्रम

दहावीचा निकाल लागला की सायबर कॅफेत आयटीआयचे अर्ज धडाधड भरले जातात. शुल्क भरलं, प्रिंट निघाली, की काम झालं असं पोरांना वाटतं. तसं नसतं. ती प्रिंट, मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचा संच घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जायचं, तिथे तपासणी होते आणि मगच अर्ज ‘निश्चित’ होतो. निश्चित न झालेला अर्ज गुणवत्ता यादीत येतच नाही.

वय किमान 14 वर्षं पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट या ट्रेडना, म्हणजे अभ्यासक्रमांना, दहावी उत्तीर्ण लागते. दहावी नापासांनाही वायरमन, वेल्डर, प्लंबर असे मोजके ट्रेड खुले असतात. अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या, म्हणजे डीव्हीईटीच्या, प्रवेश संकेतस्थळावर करायचा. अलीकडच्या वर्षांत शुल्क खुल्या प्रवर्गाला 150 आणि राखीव प्रवर्गाला 100 रुपये होतं. मोबाईल नंबर स्वतःचा किंवा घरातलाच द्या. कॅफेवाल्याचा दिला, तर पुढचे ओटीपी आणि प्रवेशाचे मेसेज त्याच्याच खिशात वाजत राहतात.

कागदपत्रं: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा पुरावा, आधार; राखीव जागेसाठी जातीचा दाखला. घोळ होतो तो नॉन-क्रिमीलेअरमध्ये, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्यात. ओबीसी, विमुक्त-भटके, विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना तो लागतो, एससी-एसटीला नाही. त्याची मुदत 31 मार्चला संपते आणि प्रवेश चालतात मे-जूनपासून. म्हणजे कपाटातला दाखला अनेकदा मुदतबाह्य निघतो, आणि निकालानंतर सेतू केंद्रात गर्दी उसळते. एप्रिलमध्येच नवा काढायला टाका. गुणपत्रिका आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंगही तेव्हाच जुळवून घ्या, कारण अर्ज निश्चित झाल्यावर माहिती सहजासहजी बदलता येत नाही. प्राथमिक गुणवत्ता यादीनंतर हरकतींची छोटी मुदत मिळते, तेवढीच संधी.

आता विकल्प. एक विकल्प म्हणजे एक संस्था आणि एक ट्रेड. इथे गुणांइतकंच वजन क्रमाला आहे. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, तर प्रवेश घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या पाचपैकी मिळाला तरी तेच. न घेतल्यास नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग शेवटच्या समुपदेशन फेरीत उरलेल्या जागांवर समाधान मानायचं.

समजा, इलेक्ट्रिशियन हवा आहे. क्रम असा लागतो: 1) तालुक्याची शासकीय आयटीआय, इलेक्ट्रिशियन, 2) जिल्ह्याची शासकीय आयटीआय, इलेक्ट्रिशियन, 3) तालुक्याची, वायरमन. पण ‘बघू, मिळतंय का’ म्हणून पहिल्या क्रमांकावर वेल्डर टाकला आणि तो लागला, की इलेक्ट्रिशियनचा विषय तिथेच संपला. तालुक्याची संस्था वर ठेवण्यात आणखी एक फायदा आहे: तिथल्या 70 टक्के जागा स्थानिक तालुक्याच्या मुलांसाठी असतात.

ट्रेड निवडताना मित्र कुठे चाललाय ते पाहू नका, नोकरीच्या जाहिराती वाचा. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन चालतात, फिटर चालत नाही. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटसाठी फिटर, टर्नर, वायरमन चालतात. वेल्डर त्या यादीत नाही. एका वर्षाचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) लवकर आटोपतो खरा, पण दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ही वाट फार जणांना ठाऊक नसते.

जागा मिळाल्याचा मेसेज आला की दिलेल्या मुदतीत मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन संस्थेत स्वतः हजर व्हायचं. लॉगिनमध्ये जागा दिसते म्हणजे प्रवेश झाला असं नाही. मुदत टळली की ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते.