जपानी तलवारीचं वय मुठीखाली का शोधतात

जपानी तलवारींच्या नादी लागलेल्या नवख्या माणसाच्या हाती पहिल्यांदा जी तलवार येते ती बहुधा सामुराईची नसते, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी अधिकाऱ्याची असते. धातूचं तपकिरी म्यान, पितळी परज, मुठीवर आडवीतिडवी गुंडाळलेली फीत. १९४५ च्या शरणागतीत अशा तलवारींचे अक्षरशः ढीग लागले. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे सेनापती स्लिम यांचा तर हट्टच होता, की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांदेखत तलवार खाली ठेवली पाहिजे. जनरल किमुरांची तलवार त्यांनी स्वतःच्या घरी नेली. या मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही लढल्या होत्या, तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या फौजी घरात अशी तलवार निघाली तर नवल वाटायला नको.

गोंधळ सुरू होतो तो इथून. म्यान आणि मूठ १९३४ च्या लष्करी नमुन्याची असली तरी आतलं पातं त्याच सालचं असेल असं नाही. हवालदार दर्जाच्या लोकांना १९३५ पासून कारखान्यात यंत्रावर केलेल्या, क्रमांक ठोकलेल्या तलवारी सरकारातून मिळत. अधिकारी मात्र आपली तलवार स्वतः आणत. कुणी बाजारातून नवी घेई, कुणी घरातलं तीन-चारशे वर्षांचं पातं लष्करी साजात बसवून घेई. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून जाणकार म्यानाकडे फारसं बघत नाही, मूठ काढायला घेतो.

मुठीला आरपार बांबूची एक छोटी खुंटी असते, मेकुगी. ती ठोकून काढायची, तलवार उभी तिरकी धरायची आणि धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताची मूठ हलकेच आपटायची. पातं मुठीतून सुटून वर सरकतं आणि आतला दांडा दिसतो, त्याला नाकागो म्हणतात. त्यावर कानशीचे तिरके किंवा आडवे फराटे, खुंटीची एक किंवा अधिक भोकं, छिन्नीने कोरलेली सही, आणि गंज. हा गंजच खरा साक्षीदार. शतकं लोटलेला गंज काळपट, दाट आणि गुळगुळीत होतो. लालसर आणि भुरभुरीत गंज अलीकडचा. हौशीने हा दांडा घासून चकचकीत करणारे लोक दर पिढीत निघतात. तसं केलं की तलवारीचा अर्धा इतिहास आणि किमतीचा मोठा भाग जातो, आणि कुठलाही शिकलगार तो परत आणू शकत नाही.

सही कुठल्या अंगावर आहे यालाही अर्थ आहे. जुन्या काळची ताची ही घोडेस्वाराची तलवार कमरेला धार खाली ठेवून टांगत. पुढे पायदळाच्या लढाया वाढल्या तशी धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचायची काताना आली. सही दोन्हींवर अंगापासून बाहेरच्या बाजूला, पण धार उलटल्यामुळे सहीची बाजूही उलटते. हिझेन प्रांतातला तादायोशी हा लोहार कातानावरही ताचीसारखी सही करी, तेव्हा हा नियम डोळे झाकून वापरायचा नाही.

त्यातच लांब ताची आखूड करायची पद्धत पडली. कापायचं ते टोक नव्हे, दांडा. खालून दांडा कापला की सही गेली. आज मोठमोठ्या कारागिरांच्या नावावर सांगितली जाणारी कितीतरी पाती अशी बिनसहीची आहेत. मासामुनेसारख्या सर्वांत गाजलेल्या लोहाराची तर सही असलेली कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग ती त्याचीच हे ठरवलं कोणी?

त्याचं उत्तर होनआमी घराण्यात आहे. तलवारी घासून पॉलिश करणं आणि पारखणं हा त्यांचा पिढीजात धंदा. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडून हत्यारं काढून घेतली. त्याच काळात सरदारांमध्ये मात्र तलवार ही बक्षिसाची, नजराण्याची वस्तू झाली होती. वाटायला जमीन कुठवर पुरणार! मग नजराण्याची किंमत ठरवणारा कोणी हवा. होनआमींनी दुमडलेल्या जाड कागदावर दाखले द्यायला सुरुवात केली. या दाखल्यावर लोहाराचं नाव असे, आणि किती सोन्याच्या नाण्यांची तलवार हेही असे. बिनसहीच्या पात्यावर ठरवलेलं नाव कधीकधी सोन्याने दांड्यात जडवत. १७१९ च्या सुमारास शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, योशिमुने याच्या सांगण्यावरून होनआमींनी नामांकित तलवारींची यादी केली. मासामुनेच्या नावाला जी प्रतिष्ठा आहे तिच्यात त्याच्या हातोड्याइतकाच या कागदांचा वाटा आहे, असं माझं मत.

नावाला पैसा मिळू लागला की खोटी नावं येणारच. सतराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, कोतेत्सु नावाचा लोहार होऊन गेला. मूळचा चिलखतं करणारा. त्याच्या सहीच्या इतक्या नकला झाल्या, की ‘कोतेत्सु दिसला की खोटा समजा’ अशी म्हणच पडली. १८६४ च्या इकेदाया चकमकीत गाजलेला, शोगुनच्या बाजूचा लढवय्या कोंदो इसामी आपल्याकडे कोतेत्सु असल्याचं अभिमानाने सांगे, आणि त्या तलवारीच्या खरेपणावर आजही वाद आहे.

सही अस्सल असली तरी भागत नाही. बिझेन प्रांतातलं ओसाफुने हे लोहारांचं गाव. सुकेसादा हे नाव तिथे एकाचं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी वापरलं. पंधराव्या-सोळाव्या शतकांत यादवी युद्धं आणि मिंग चीनशी चाललेला व्यापार यांमुळे तलवारी हजारोंनी लागत. ढोबळमानाने, नुसतं ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ (बिशू हे बिझेनचं छोटं रूप) कोरलं असेल तर तो घाऊक माल. प्रांताचं नाव पूर्ण लिहून पुढे लोहाराचं व्यक्तिगत नाव असेल, तर ती कुणीतरी सांगून करवून घेतलेली. एका शब्दाने भाव कित्येक पटींनी बदलतो.

१८७६ च्या हुकमाने कमरेला तलवार लावण्यावर बंदी आली आणि बाजार कोसळला. लोहार सुऱ्या-कात्र्यांकडे वळले, तलवारी परदेशी प्रवाशांनी स्वस्तात नेल्या. दुसरा घाला १९४५ चा. जपान ताब्यात घेणाऱ्या फौजांच्या लेखी तलवार म्हणजे हत्यार, जमा करा. होनमा जुंजी या अभ्यासकाने अमेरिकन अधिकारी कॅडवेल यांना तलवारी दाखवून, समजावून, कलावस्तूंसाठी सूट मिळवली. तरी जे जायचं ते गेलंच. तोकुगावा या शोगुन घराण्याची, मासामुनेच्या नावाची ‘होंजो मासामुने’ तलवार टोकियोतल्या पोलिस चौकीत जमा झाली, तिथून कुणा सैनिकाच्या हाती गेली आणि मग बेपत्ता. उलट कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची हरवलेली, कुनिमुने या लोहाराची तलवार कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाला सापडली. ती राष्ट्रीय ठेवा आहे हे कळल्यावर १९६० च्या दशकात त्याने ती परत दिली.

होनमांच्याच पुढाकाराने १९४८ मध्ये तलवार-कला जतन करणारी संस्था उभी राहिली. जपानात प्रत्येक तलवारीला नोंदणीचा कागद लागतो, आणि तो तलवारीच्या नावावर असतो, मालकाच्या नव्हे. कारखान्यात केलेल्या लष्करी पात्यांची नोंदणी होत नाही, ती नष्ट करतात. म्हणजे परदेशात सहज मिळणारी तलवार मायदेशी बाळगताच येत नाही.

हा नोंदणीचा कागद आणि पारखीचा दाखला यांत नवखे हमखास घोटाळा करतात. नोंदणी म्हणजे तलवार बाळगायला हरकत नाही एवढंच. तिच्यात सहीची नोंद जशी दिसली तशी उतरवतात, खरी की खोटी हे पाहत नाहीत. दाखला देते ती १९४८ ची संस्था. पण तिच्या सुरुवातीच्या दशकांतल्या काही दाखल्यांवर संशयाचं सावट आलं, आणि १९८२ मध्ये तिने दाखल्यांच्या जुन्या श्रेणी बंद करून नव्या लावल्या. तेव्हा नामांकित सही आणि जुना दाखला अशी जोडी विकायला आली, की विक्रेत्याला एक विचारायचं: इतक्या वर्षांत नवा दाखला का काढला नाही?