तेरा मात्रांचं लोकप्रिय गाणं

'जेनेसिस' या इंग्लिश बँडचं 'टर्न इट ऑन अगेन' लावा आणि टेबलावर बोटांनी ठेका धरा. चार-चारच्या हिशेबाने मोजायला लागलात, तर थोड्याच वेळात बोट एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे जाईल. चूक बोटाची नाही. या गाण्याचं मुख्य आवर्तन १३ मात्रांचं आहे. हे मला कळलं तेव्हा मी गाणं तीनदा मागे नेऊन मोजलं, कारण तोवर ते मला रेडिओवर वाजणारं एक साधंसोपं, छान गाणं वाटत होतं. १९८० मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोचलं. आणि नेमक्या त्याच सुमारास बँडचे जुने चाहते कळवळून म्हणत होते, की ही माणसं आता सोपं आणि बाजारू गायला लागली.

हे भांडण आजही मिटलेलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण आपला कान कसा घडतो हे त्यातून फार स्वच्छ दिसतं.

जेनेसिसची सुरुवात १९६७ मध्ये, इंग्लंडमधल्या चार्टरहाऊस शाळेतल्या मुलांपासून झाली. त्यांचं संगीत 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या प्रकारातलं, म्हणजे लांबलचक रचना, मध्येच बदलणारे ताल, एका गाण्यात अख्खी गोष्ट. १९७२ मधलं त्यांचं 'सपर्स रेडी' जवळजवळ २३ मिनिटांचं आहे, सात भागांचं, आणि त्यातला एक भाग नऊच्या हिशेबात धावतो. १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला आणि ड्रमर फिल कॉलिन्स गाऊ लागला. १९७७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेट गेला. टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि कॉलिन्स असे तिघं उरले. १९७८ मध्ये या तिघांचं 'फॉलो यू फॉलो मी' हे चार मिनिटांचं प्रेमगीत ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं, आणि चाहत्यांत उभी फूट पडली.

गाणी आखूड का झाली, याला तबकडीचंही कारण आहे. मोठ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावतात. आवाज भरदार हवा तर खाच रुंद लागते, म्हणून वेळ वाढवला की आवाज दबतो. 'सपर्स रेडी'ने जवळजवळ अख्खी बाजू व्यापली होती. रेडिओवर वाजायची ती छोटी, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी, आणि तिच्यावर जेमतेम चार-पाच मिनिटं. कोणत्या तबकडीसाठी गाणं करायचं हे ठरलं, की रचनेचा आकार निम्मा ठरून जातो.

पण चाहत्यांचं मन तबकडीवर अडलेलं नव्हतं. ते अडलं होतं मेंदूत.

गाणं ऐकताना मेंदू नुसता ऐकत बसत नाही, तो सतत पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो. हा विचार लेनर्ड मायर या अमेरिकी अभ्यासकाने १९५६ मध्ये सविस्तर मांडला. मैफलीला जाणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. तबलजी गुंतागुंतीची तिहाई घेऊन समेवर येतो आणि अख्ख्या सभागृहाची मान एकदम हलते, ती त्या अंदाजामुळेच. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी संगीताने अंगावर काटा येणाऱ्या माणसांचे मेंदू तपासले. आवडती जागा जवळ यायला लागली की मेंदूच्या एका भागात डोपामिन हे रसायन स्रवायला लागतं, आणि ती जागा प्रत्यक्ष आली की दुसऱ्या भागात. म्हणजे वाट पाहण्याचा आनंद वेगळा आणि भेटीचा वेगळा.

आता हा अंदाज किती अवघड असावा? डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात त्याचं चित्र उलट्या 'यू'सारखं काढलं. रचना फारच सोपी असेल तर कंटाळा, फारच गुंतागुंतीची असेल तर गोंधळ, आणि मध्ये कुठेतरी आनंदाचा उंचवटा. मात्र हा उंचवटा प्रत्येक कानाचा वेगळ्या जागी असतो, आणि ऐकून ऐकून तो सरकतो. १९७३ मध्ये ज्या पोराने 'सपर्स रेडी' पन्नास वेळा ऐकलं, त्याचा उंचवटा पार दूर गेला. आधी अनोळखी वाटलेली वळणं पाठ झाली. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की केवळ ओळखीमुळे ती आवडायला लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. इथे तर ओळखीबरोबर मेहनतही होती. एवढं कमावल्यावर हातात चार मिनिटांचं प्रेमगीत पडलं, तर मन खट्टू होणारच. त्या माणसाला अडेलतट्टू म्हणणं मला पटत नाही. त्याचं खरोखरच काहीतरी हरवलं होतं.

पण 'सोपं' हा त्याचा शब्द मात्र तपासावा लागतो.

एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. बाल्कन देशांतल्या लोकसंगीतात सातासारखे विषम ठेके सर्रास असतात. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना अशा ठेक्यात केलेली मोडतोड ओळखू येईना. सहा महिन्यांच्या बाळांना मात्र ती ओळखू आली! वर्षाच्या बाळांचा कान आपल्या भोवतालच्या चार-चारच्या संगीताकडे झुकायला लागला होता, पण घरी दोन आठवडे बाल्कन संगीत ऐकवल्यावर तो पुन्हा उघडला. मोठ्यांना तेवढ्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे विषम ताल मुळात अवघड नसतो, तो सवयीने अवघड होतो. आपल्याकडे रूपकातलं भावगीत कुणी 'सात मात्रांचं, बाई, फार कठीण' म्हणून बाजूला ठेवत नाही. तीन-दोन-दोन हे अंगात मुरलेलं असतं.

म्हणून 'टर्न इट ऑन अगेन' मला इतकं महत्त्वाचं वाटतं. चाल सोपी, शब्द सोपे, आणि खाली १३ मात्रा. गुंतागुंत एका पट्टीवर मोजता येत नाही. ती तालात असू शकते, सुरावटीत असू शकते, गाण्याच्या लांबीत असू शकते. १९८६ च्या 'इन्व्हिजिबल टच' या अल्बमवर सगळ्यात जास्त राग निघाला. त्यातली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत पोचली. पण त्याच अल्बमवर 'डॉमिनो' ही दहा मिनिटांहून लांब, दोन भागांची रचनाही आहे. ती ऐकायला फार जण थांबले नाहीत.

का थांबले नाहीत? इथे हेन्री ताइफेल या मानसशास्त्रज्ञाचा इंग्लंडच्या ब्रिस्टलमधला प्रयोग आठवतो. १९७०च्या सुमारास त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपैकी काहींना सांगितलं, की तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात, आणि बाकीच्यांना, की तुम्हाला कँडिन्स्की या चित्रकाराची. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. तरी पैसे वाटताना मुलं आपल्या गटाची बाजू घेऊ लागली. इतकंच नव्हे, दुसऱ्या गटाशी फरक वाढणार असेल, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी त्यांना चालत होतं. आवड ही ओळख झाली, की कान बंद व्हायला वेळ लागत नाही.

आणि जुनं जेनेसिस आणि पॉप या दोन गटांमधली भिंत आवाजाच्या पातळीवर टिकतच नाही. ऐंशीच्या दशकातल्या पॉपची खूण म्हणजे तो धाडकन येऊन कापल्यासारखा थांबणारा ड्रम. खोलीत ड्रम वाजला की घुमारा हळूहळू विरतो. इथे तो घुमारा आधी दाबून मोठा करतात, आणि आवाज ठरावीक पातळीखाली गेला की 'गेट' नावाचं उपकरण तो एकदम तोडतं. भल्यामोठ्या दालनाचा आवाज क्षणभर ऐकू येतो आणि मागे शांतता. हा आवाज १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत सापडला. ध्वनितंत्रज्ञ होता ह्यू पॅडम, ड्रमवर फिल कॉलिन्स, आणि ध्वनिमुद्रण चाललं होतं पीटर गॅब्रिएलच्या अल्बमचं! जुन्या चाहत्यांचा देव आणि त्यांच्या मते देऊळ मोडणारा माणूस, दोघं एकाच स्टुडिओत. पुढे जुलै १९८६ मध्ये 'इन्व्हिजिबल टच' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याला तिथून खाली खेचलं ते गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ने. तेही नाचायचं गाणं.

कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी २०१३ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांखेरीज, आईवडील तरुण असतानाची गाणीही विशेष जवळची वाटतात. घरात वाजलेलं गाणं पुढच्या पिढीच्या कानात आधीच जाऊन बसलेलं असतं.

२६ मार्च २०२२ ला जेनेसिसची शेवटची मैफल लंडनमध्ये झाली. तब्येतीमुळे कॉलिन्स खुर्चीत बसून गात होता. गॅब्रिएल प्रेक्षकांत होता. सुरुवातीलाच 'टर्न इट ऑन अगेन' आलं, आणि मागे ड्रमवर १३ मात्रांचं आवर्तन धरून होता कॉलिन्सचा २००१ साली जन्मलेला मुलगा, निक.